दुकानाची जन्मतारीख

नाही नाही आबा, ते मधलं बटण नका दाबू — दाबलंत? — असू द्या, काही बिघडत नाही, बंद करू का म्हणून विचारतोय तो फक्त. नाही म्हणा. गोल बटण, गोल — फुली नाही हो, यांच्यात फुली म्हणजे हो आणि गोल म्हणजे नाही, आपल्याला उलटं वाटतं पण यांचं असंच आहे. हां. आता बघा, ही आडवी ओळ दिसतेय ना चौकोनांची, हे सगळे गेम. आणि हा कोपऱ्यातला आकडा, तीन, म्हणजे या आयडीचे तीन मित्र आत्ता कुठंतरी बसून खेळताहेत. पूर्वी हे बघायला चार ठिकाणी फिरावं लागायचं. दिवाळीनंतर अपडेट आलं त्यात त्यांनी ते पहिल्याच पानावर आणून ठेवलं. मित्राच्या नावावर गेलात की तो कोणता गेम खेळतोय, केव्हापासून, कोणाबरोबर, सगळं येतं — आणि हे इथं, 'सामील व्हा'. विचारायचं नाही, दार वाजवायचं नाही, सरळ आत. कोणी मागितलं होतं हे? मी नाही मागितलं. तुम्ही मागितलं? कोणीच मागत नाही आणि दर सहा महिन्यांनी नवीन काहीतरी येऊन बसतं. मित्र दिसले म्हणून आपण खूश, पण त्यांनाही आपण दिसतोच ना — ते कोण सांगतं? मी सांगतो माझ्या गिऱ्हाइकांना, म्हणून तर लोक मॉल सोडून दोन जिने चढून माझ्याकडं येतात.

मघाचा तो पांढरा डबा, आता हा काळा. आमच्याकडं कंपनीचं नाव कोणी घेत नाही, पांढरा आणि काळा, संपला विषय. काळ्याचं मधलं बटण दाबलं की बाजूनं एक कप्पा सरकून येतो, बघा, गेम मागं चालूच राहतो आणि कप्प्यात मित्र, निरोप, बोलणं. यांनीही आता मांडणी बदलली, पूर्वी भिंतभर फरश्या लावल्यासारखं असायचं, आता पाहिजे ते वर ठेवा, नको ते खाली ढकला. मोबाइलवरून बोलता येतं दोन्हीत. गेम दुसऱ्याला नुसता दाखवता येतो, पांढऱ्यात तर चालवायलाही देता येतो, म्हणजे तुम्ही इथं जळगावात बसलाय आणि तुमचा गेममधला गडी पळवतोय कोणीतरी पुण्यात बसून. थोडक्यात सांगू का आबा? पांढरा दाखवतो जास्त, काळा विचारतो जास्त. नवीन मित्र जोडू का — विचारतो. अमक्याशी बोलू देऊ का — विचारतो. पोरगं लहान असलं तर हे सगळं बापाच्या मोबाइलवर विचारतो. पांढऱ्यात बापाला एकदाच काय ते ठरवावं लागतं, सगळ्यांशी बोलू द्यायचं का कोणाशीच नाही. मग आठवड्याला रिपोर्ट. किती तास खेळलं, कोणत्या दिवशी, कोणाबरोबर. हां, तेच तुम्ही मघाशी विचारलं, आणि आत्ता परत विचारून राहिले. कोण कोणाशी बोललं ते घरच्यांना दिसतं का. दिसतं आबा. सांगितलं ना. दिसतं.

एक विचारू का? राग नका मानू. अर्धा तास झाला तुम्ही त्या स्टुलावर बसलाय. भाव विचारला नाही. गेम कोणते येतात ते विचारलं नाही. वॉरंटीचा शब्द नाही. माझ्याकडं येणारा माणूस पहिले भाव विचारतो, मग म्हणतो दुसरीकडं स्वस्त आहे, मग पाणी मागतो. तुम्ही पाणीसुद्धा नाही मागितलं. आल्या आल्या म्हणालात नातवासाठी बघायचंय. ठीक. मग मी म्हटलं नातू कितवीला, तर म्हणालात भाचा बँकेत आहे. आता भाचा मधेच कुठून आला? आणि फैजपूरचा म्हणालात तुम्ही. केळीची बाग आहे म्हणालात. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, काय म्हणते केळी, तर तुम्ही म्हणालात पेरणी आटोपली. आबा, केळी पेरतात का हो? लागवड असते केळीची. फैजपूरचं शाळेतलं पोरगं सांगेल.

तेही सोडून दिलं असतं मी, म्हटलं वय झालंय, शब्द इकडचा तिकडं होतो. पण तुम्ही मघाशी काय बोललात ते आठवतं? मी रिपोर्टचं सांगत होतो आणि तुम्ही पटकन म्हणालात, 'कोन कोनासंगे बोलस ते बठ्ठं दिखस का?' — बठ्ठं! फैजपूरचा माणूस सगळ्याला बठ्ठं म्हणत नाही आबा. फैजपूर-यावलची बोली निराळी, आमच्या असोद्याची त्यांच्या जवळची, मी असोद्याचाच, मला सांगताय? बठ्ठं आणि दिखस म्हणजे धुळं. तिकडं मालेगाव, इकडं शिरपूर, मधे धुळं. तुम्ही चांगलं शुद्ध बोलत होते अर्धा तास, जपून जपून, आणि त्या एका प्रश्नाला घसरले. म्हणजे तो प्रश्न मनातला होता. बाकीचे सगळे वरवरचे.

आता खाली बघू नका. मला कळलंय. आमच्या होणाऱ्या जावयांकडून, धर्मेंद्ररावांकडून आलात ना तुम्ही? बँकेतला भाचा — म्हणजे मामा. मामा तुम्ही! साखरपुडा बारा दिवसांवर आला आणि चौकशीला मामा. अहो लाजता काय, रीतच आहे ती. मी नाही का केली? मी धुळ्याला येऊन गेलो, तुम्हाला पत्ता नाही. तुमच्या भाच्याच्या गल्लीतल्या सलूनमध्ये बसलो. दाढी केली. तेवढ्यात पूर्ण माहिती निघाली नाही म्हणून कटिंग केली. मग मालिश करून घेतली डोक्याची. आमची बायको, उषा, म्हणते, दुपारचे गेले आणि नवरदेव होऊन आले. पोरगा निर्व्यसनी, घर स्वतःचं, आई जरा कडक, एवढं सगळं मला एका खुर्चीवर मिळालं. त्यामुळं तुम्ही बसा निवांत. चहा सांगतो. नको? बरं. विचारा पण मोकळेपणानं, डब्याच्या आडून नको.

आमची मुलगी गेम खेळते का, हेच ना? नाही खेळत. म्हणजे दुकान गेमचं आहे तर हात लागतो, हलवायाची पोरगी काय जिलबी चाखतच नाही का, तसं. पण तसा नाद नाही. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, पहिला वर्ग. दुकानातली सगळी दुरुस्ती तिच्याकडं — हे टेबल तिचं, ही सोल्डरिंगची गन तिची, तो दिवा तिनं वाकवून तसा केलाय. भुसावळहून, पहूरहून पोरं कंट्रोलर घेऊन येतात, ती उघडून बघते आणि नुसत्या वासावरून सांगते कशावर चहा सांडला. मला नाही येत ते. मी बोलतो, ती करते, असं चालतं आमचं. लग्नानंतर करू देणार ना तिला? नाही, सहज विचारलं. धर्मेंद्रराव म्हणाले होते बघू. बघू म्हणजे हो असतं का नाही असतं तुमच्याकडं? आमच्याकडं बघू म्हणजे नाही.

ती आत्ता नाहीये. उषाबरोबर टेलरकडं गेलीय, साखरपुड्याच्या ब्लाउजचं माप द्यायला. येतीलच तासाभरात.

काय? — हां, ते. स्क्रीनवर नाव आहे ते. 'दिपमाला गेम्स', रविवार, तीन तास. बरोबर वाचलं. डोळे चांगले आहेत तुमचे. ते पोरीचं नाही, ते दुकानाचं नाव आहे. बाहेर पाटी बघितली ना, दिपमाला गेम्स. ती नऊ वर्षांची होती तेव्हा दुकान टाकलं, पोरीच्या नावानं टाकलं, आखाजीच्या, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर. सगळ्यांच्या लेकी आखाजीला माहेरी येतात, माझी तर माहेरीच होती, म्हटलं तिच्या नावाची पाटी त्याच दिवशी लागू दे. दोन हजार दहा साल. मग पुढं हा ऑनलाइनचा डबा आला तेव्हा त्यात आयडी उघडायचा होता. नाव विचारलं, मी टाकलं दिपमाला गेम्स. जन्मतारीख विचारली. आता तुम्ही सांगा, नाव दुकानाचं दिल्यावर जन्मतारीख कोणाची देणार? मी दुकानाची दिली. १६ मे २०१०. मला काय माहीत हे लोक माणसाची विचारताहेत? शॉप अ‍ॅक्टचं सर्टिफिकेट समोर ठेवून भरली, एक आकडा चुकवला नाही.

हसू नका. पुढं ऐका, पुढं हसण्यासारखं नाही. आयडीवर तिचं नाव, म्हणून तीच वापरायला लागली तो. दहा वर्षं कोणाला काही फरक पडला नाही. आणि हे दिवाळीनंतरचं अपडेट आलं, त्यात नवीन काय, तर कुटुंब. घरातल्या लहान मुलांची काळजी म्हणे. डबा चालू केला तर पाटी: हे सभासद पंधरा वर्षांचे आहेत, पालकाची परवानगी पाहिजे. दिपा पोट धरून हसली, म्हणाली, पप्पा, मी पंधरा वर्षांची, आता तुम्ही सही करा. मी केली. मोबाइलवर ते अ‍ॅप घेतलं, पालक म्हणून माझं नाव घातलं. तिथं एक ओळ होती खाली, सभासद सज्ञान असल्यास तारीख दुरुस्त करा. दोघांनीही वाचली. ती म्हणाली राहू द्या, मज्जा आहे. आणि दोन मिनिटांत विसरून गेली ती.

मी नाही विसरलो. कसा विसरेन? सोमवारी सकाळी मोबाइल वाजला. रिपोर्ट. पहिल्यांदा म्हटलं काय असेल बघू. तास होते. दिवस होते. आणि रविवारच्या समोर नाव होतं. तेरसिंग.

एक मिनिट, तुम्ही तसं काही मनात आणू नका. तसं काही नव्हतं. मी सांगतो ना, मला सगळं माहीत आहे, मी एकेक निरोप वाचलाय. पासवर्ड माझाच होता, दुकानाचा आयडी. ती टेबलावर जेवत असायची आणि मी इथं काउंटरवर वाचत असायचो. तो पोरगा आश्रमशाळेत कॉम्प्युटर शिकवतो, शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. रविवारी शाळेला सुट्टी, म्हणून शिरपूरला भावाच्या खोलीवर येतो खेळायला, तिथं नेट चांगलं. पहिला निरोप काय माहितेय? 'दुकान किती वाजता उघडतं?' त्याला वाटलं दुकानच आहे! कंट्रोलर मोडला होता त्याचा, जळगावला यायला जमत नव्हतं, तर दिपानं त्याला लिहून लिहून शिकवलं, हा स्क्रू काढ, ही तार इथं लाव. त्यानं फोटो पाठवला: मॅडम, चालू झाला. चार महिने मॅडमच म्हणत होता. मग तो त्याच्या शाळेतले कॉम्प्युटर उघडायला लागला, ती इथून सांगायची. मग खेळायला लागले. मोबाइल नंबर कधी मागितला नाही त्यानं. मी शोधलं ना, मागितला का म्हणून मी दोनदा पूर्ण वाचलं. नाही मागितला.

आणि हसायची ती. रविवारी दुपारी आतल्या खोलीत, कानाला ते लावून. दहावीनंतर मी पोरीला एवढं हसताना ऐकलं नव्हतं. तुम्हाला सांगतो आबा, मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो आणि मला राग यायचा. कशाचा? आता कशाचा सांगू. नाव वाचलं होतं ना मी. तेरसिंग. नावावरून कळतं ना आपल्याला, डोंगरातला आदिवासी, गाव कळतं, समाज कळतो — आणि एवढं कळलं की आपण पुढचं काही बघतच नाही. निरोपांमध्ये लग्नाचा शब्द नव्हता. एकदा फक्त त्यानं लिहिलं होतं, शाळा सुटली की मुलांना तुझ्याबद्दल सांगतो. एकदा तिनं लिहिलं, माझ्यासारखं काम करणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. बस. यात काय आहे? काही नाही. पण मी बाप आहे, माझ्या डोक्यात पुढचं सगळं तयार झालं — समाजातली माणसं, उषाचे भाऊ, असोद्यात काय बोलतील. आणि तेवढ्यात तुमच्याकडचं स्थळ आलं होतं.

काय केलं म्हणजे? काय करणार? बटण होतं. ती बँकेच्या कामाला गेली होती, मी आयडी उघडला, त्याच्या नावावर गेलो, ब्लॉक. दोन सेकंद. विचारलंसुद्धा त्यानं, खात्री आहे का. फुली दाबली. फुली म्हणजे हो. निरोपही गेले सगळे. आणि अ‍ॅपमध्ये जाऊन लावून टाकलं, अनोळखी माणसाचे निरोप बंद. समोरच्याला कळत नाही यात, त्याला फक्त ती कधी दिसत नाही. आणि तिला तो दिसत नाही. भांडण नाही, रडारड नाही. मी म्हटलं किती स्वच्छ काम झालं.

ती बुधवारपर्यंत शोधत होती. मला विचारलं, पप्पा, अपडेटमध्ये मित्र उडतात का हो? मी म्हटलं उडतात, हे लोक काय भरवशाचे थोडीच. तोंड वर करून म्हटलं मी तिला. कंपनीवर ढकललं. रविवारी ती तीन तास डबा चालू करून बसली. खेळली नाही. यादीकडं बघत बसली, नाव येतंय का हिरवं होऊन. रिपोर्ट आला ना सोमवारी — तीन तास, आणि समोर नाव नाही. तो तुम्ही मघाशी वाचला तो रविवार; त्यानंतर तिनं डबा लावलाच नाही, म्हणून शेवटचा तोच दिसतो. आणि रात्री जेवताना म्हणाली, पप्पा, त्या धुळ्यावाल्यांना हो सांगून द्या.

...

हे मी तुम्हाला का सांगितलं? मला तर हे तुमच्यापासून लपवायचं होतं. तुम्ही काही विचारलंही नाही धड. आता तुम्ही जाणार, भाच्याच्या आईला सांगणार, पोरीचं कुठंतरी होतं म्हणून, आणि बारा दिवसांवर आलेलं — ऐका, आबा, त्यात काही नव्हतं, हात जोडून सांगतो, पोरगी लख्ख आहे माझी. हवं तर तिला विचारा. नाही, तिला नका विचारू, तिला हे माहीतच नाही. मला विचारा. तुम्ही... तुम्ही हसताय का?

खूश झाले? कशानं?

असा बाप पाहिजे म्हणताय. बरं. धन्यवाद. म्हणजे — लक्ष ठेवणारा बाप. हो, लक्ष ठेवलं ना मी. वळण लावलेलं आहे, घरच्यांच्या धाकात आहे, हो. अक्कांना, मुलाच्या आईला, हेच पाहिजे होतं म्हणता. काळजी मिटली म्हणता. मग बरं झालं की, मी उगाच घाबरलो.

काय? परत म्हणा.

नाही, ऐकू आलं, पण परत म्हणा एकदा.

'लग्नानंतर तो रिपोर्ट आमच्या धर्माच्या मोबाइलवर घेता येईल का.'

येतो. घेता येतो. दोन्हीत येतो. काळ्यात कुटुंबात दुसरं मोठं माणूस घालायचं आणि आपण बाहेर पडायचं. पांढऱ्यात पालक बदलून मिळतो, पाच मिनिटांचं काम. मग तिनं कोणाशी बोलायचं, किती वेळ बोलायचं, कोणाला काढायचं, सगळं तिकडून. धुळ्याहून. ती टेबलावर जेवत असेल आणि तो बाजूला बसून वाचत असेल. अक्का विचारतील, काय आलं या आठवड्यात. आणि तिला काही कळणार नाही. मी तरी कुठं कळू दिलं तिला?

तुम्ही वाईट माणूस नाही आबा. तसं माझ्या मनात नाही. तुम्ही अगदी साध्या तोंडानं विचारलंत, जसं टीव्हीचा रिमोट मिळेल का विचारतात. मीसुद्धा साध्याच तोंडानं केलं. पण तुमच्या तोंडून ऐकल्यावर मला ते वाईट दिसलं, आणि माझं मी करत होतो तेव्हा नाही दिसलं. माझ्या पोरीचा रिपोर्ट म्हणे. पंचवीस वर्षांची आहे ती! अख्ख्या जिल्ह्यातले मोडके कंट्रोलर ती चालू करते आणि आपण दोघं म्हातारे बसून ठरवतोय तिचं बटण कोणाच्या हातात द्यायचं.

द्या तो कंट्रोलर इकडं. द्या. — हे इथं, ब्लॉक केलेले. एकच नाव आहे. काढा. खात्री आहे का. आहे बाबा, आहे. फुली. — हं? काय म्हणतंय? 'ही व्यक्ती आता तुमच्या मित्रयादीत नाही. पुन्हा जोडण्यासाठी विनंती पाठवा.' विनंती. मी पाठवू? मी काय लिहू, मी दुकान बोलतोय? तो म्हणेल दोन महिने कुठं होतीस, मी काय सांगू? नाही, ही मी नाही पाठवू शकत. ही तिनंच पाठवायची, आणि पाठवायची का नाही तेही तिनंच. म्हणजे तिला सांगावं लागणार. सगळं. उडाला नव्हता, मी उडवला.

उठा आबा. नाही, बसू नका, उठा. साखरपुड्याचं काही बोलू नका आत्ता. ती म्हणाली होती हो, पण ती माझ्या खोट्यावर म्हणाली होती. आता खरं ऐकून काय म्हणेल ते म्हणेल. हो म्हणाली तर मी स्वतः येईन धुळ्याला, अक्कांच्या पाया पडेन. पण रिपोर्ट नाही मिळणार. ती हो म्हणाली तरी नाही मिळणार, हे मात्र आत्ताच सांगतो, घरी जाऊन सांगा. रागवा माझ्यावर, समाजात सांगा, काय करायचं ते करा. पिशवी राहिली तुमची. चष्मा घ्या.

जिन्यात आवाज येतोय. त्या दोघीच असतील. तुम्ही मागच्या जिन्यानं उतरा, हात धरून उतरा, तिथं पायरी तुटलीय. काय सांगू म्हणता घरी? तुमचं तुम्ही बघा हो, मला तिला काय सांगायचं तेच सुचत नाहीये. जा तुम्ही.